चांगला वृद्धाश्रम कशावरून ओळखायचा? खानदेशातील बदलत्या कसोट्या

वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थेची गुणवत्ता कशाने जोखायची, याचे उत्तर खानदेशात गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. दुष्काळात जीव वाचला, तरी पुरे होते. पुढे छप्पर आणि जेवण पाहिले जाऊ लागले, मग इमारतीची मापे. आता विस्मृती झालेल्या माणसाला दिवसभर कसे वागवले जाते, हा प्रश्न आला आहे.

बोदवड हे जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातले, भुसावळ-अकोला लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख कापूस-ज्वारीचा. अशा शेतकरी मुलखात म्हातारपण घरातच काढायचे असते, हे गृहीत होते. जमीन नावावर असेपर्यंत म्हाताऱ्याचा शब्द चाले. वाटणी झाली की मुलांच्या मर्जीवर राहावे लागे. विधवेची स्थिती अधिक नाजूक होती. नवऱ्याच्या मालमत्तेत तिला मर्यादित हक्क 1937 च्या कायद्याने मिळाला आणि पूर्ण मालकी 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. ज्यांना घर उरले नाही, त्यांना पंढरपूर-काशीसारखी क्षेत्रे, धर्मशाळा आणि अन्नछत्रे हाच आधार होता.

1899-1900 च्या छप्पन्नाच्या दुष्काळात सरकारला या प्रश्नात उतरावे लागले. दुष्काळ संहितेनुसार खडी फोडायला जाऊ न शकणारे वृद्ध आणि पंगू यांना काम न घेता मदत द्यायची होती. बेघरांसाठी आसरागृहे उघडायची होती. तिथे माणसागणिक शिधा ठरलेला असे आणि दुष्काळ सरला की व्यवस्था मोडली जाई. म्हातारपण ही कायमची गरज आहे, हा विचार त्यात नव्हता.

कायमस्वरूपी संस्थेचा जुना नमुना पुण्यात आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1863 मध्ये उभे राहिलेले अनाथ पंगू गृह आज ‘निवारा’ या नावाने ओळखले जाते. निराधार आणि अपंग यांना एकाच छताखाली ठेवण्याची ही परोपकारी पद्धत होती. देणगीदारांनी उभारलेल्या अशा संस्थेत राहणाऱ्याला तक्रारीचा हक्क नसे. मिळेल ते उपकार म्हणून स्वीकारायचे. महाराष्ट्र सरकारने वृद्धाश्रमांसाठी अनुदानाची योजना 1963 मध्ये आणली. 1980 च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने काही वृद्धांच्या हाती थोडी रोख रक्कम येऊ लागली.

1995 मध्ये राज्याने मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. शुल्क भरणारे आणि निःशुल्क असे दोन्ही प्रकारचे वृद्ध तिथे राहावेत, अशी कल्पना होती. जळगावजवळ सावखेडा येथे केशवस्मृती प्रतिष्ठान चालवत असलेला मातोश्री आनंदाश्रम हे या परंपरेचे खानदेशातले ठळक उदाहरण. निराधार नसलेले, पेन्शन असलेले लोकही वृद्धाश्रमात येऊ लागले. त्यामागे स्थलांतर होते. खानदेशातली तरुण पिढी सुरतच्या कापड धंद्यात, पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आणि कार्यालयांत गेली. आईवडील गावात किंवा भुसावळसारख्या रेल्वेच्या शहरात मागे राहिले.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा 2007 मध्ये झाला. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद त्यात आहे. केंद्राच्या नमुना नियमांत झोपण्याच्या जागेसाठी माणशी 7.5 चौरस मीटर आणि सामायिक जागा धरून 12 चौरस मीटर असे माप आले. स्त्री-पुरुषांची वेगळी सोय, पिण्याचे पाणी, जेवणघर, आजारी माणसासाठी खोली, उतरत्या वाटा आणि कठडे हेही लिहिले गेले. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायच्या दांड्या यांचे निकष घातले. हे सारे फूटपट्टीने मोजता येते.

विस्मृतीच्या आजारापुढे मात्र ही फूटपट्टी अपुरी पडते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हा आजार घरोघर वयाच्या खाती टाकला जात असे. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये त्याच्या सर्वांत परिचित प्रकाराचे वर्णन केले. भारतात अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी 1992 मध्ये केरळात सुरू झाली. मराठी प्रेक्षकांपुढे हा विषय ठळकपणे आणला तो सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने. देशात सुमारे 88 लाख ज्येष्ठांना डिमेन्शिया, म्हणजे विस्मृतीचा आजार, असावा, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

अशा रुग्णांसाठी कसोटी बदलण्याचे श्रेय बरेचसे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांना जाते. त्यांच्या ब्रॅडफर्ड येथील गटाने निरीक्षणाची एक पद्धत तयार केली: दालनात बसून दर पाच मिनिटांनी रुग्ण काय करतो आहे, त्याच्याशी कोण कसे बोलते, याची नोंद घ्यायची. इमारत सुंदर असूनही माणूस तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसतो, हे अशा नोंदींतून उघड होते. औषधांबाबतही सावधगिरी वाढली. डिमेन्शियाच्या वृद्धांना काही मनोविकारविरोधी औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला. रुग्ण शांत आहे, एवढ्यावरून आता काळजी चांगली ठरत नाही. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. हा कायदा साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई करतो आणि अन्य बंधनांवर मर्यादा घालतो.

महाराष्ट्रात विस्मृतीग्रस्तांसाठीच्या सशुल्क सोयी मुख्यतः मुंबई-पुण्याच्या परिसरात वाढल्या. डिग्निटी फाउंडेशनची नेरळ येथील वसाहत हे त्यांतले एक परिचित नाव. बोदवडच्या कुटुंबाला म्हणून बहुधा लांबच्या शहरातली संस्था पारखावी लागते. रात्रपाळीला किती माणसे असतात, पडण्याच्या घटना लिहून ठेवतात का, अंथरुणाला खिळलेल्याची कूस किती वेळाने बदलतात, गुंगीचे औषध कोणाच्या सांगण्यावरून देतात, करारात कोणता खर्च धरलेला नाही, आजार बळावल्यावर रुग्णाला ठेवून घेतात की परत पाठवतात, हे प्रश्न कुठेही विचारायचे असतात. न कळवता, जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी गेल्यास उत्तरांची खातरजमा होते. डिमेन्शियाचे पुष्कळ रुग्ण दिवस मावळताना अस्वस्थ होतात; त्या वेळी सेवक रागावतात, कोंडतात की हात धरून फिरवतात, यावरून संस्था कळते.

खानदेशी माणसासाठी भाषा हीही कसोटी ठरते. आजार वाढतो तसे पुष्कळदा नंतर शिकलेले बोलणे आधी गळते आणि घरची बोली अधिक काळ टिकते. बोदवड परिसरातल्या म्हाताऱ्या बाईची तावडी किंवा लेवा बोली शहरातल्या सेविकेला कळली नाही, तर तहान आणि दुखणे दोन्ही ‘हट्ट’ म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. कळण्याची भाकरी आणि भरीत यांसारखे ओळखीचे जेवण भूक टिकवायला मदत करते. म्हणून रुग्णाची बोली, खाणे, कामधंदा, देवधर्म आणि सवयी यांची माहिती दाखल करतानाच लिहून घेणारी संस्था अधिक भरवशाची मानली जाते.

वृद्धाश्रमाची जागा सरकारी अधिकाऱ्याला एका भेटीत मोजता येते. वागणूक तशी मोजता येत नाही. तिच्यासाठी संस्थेच्या रोजच्या नोंदी, नातेवाइकांच्या वारंवार भेटी आणि तक्रारीची खुली वाट लागते. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी अशी एक वाट आहे. विस्मृतीच्या रुग्णाला स्वतः तक्रार करणे बहुधा जमत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने पाहणाऱ्या माणसावर या कसोटीचा भार सर्वाधिक पडतो.