मालक कोणास म्हणावे?

ज्याने काम सांगावे, ते करवून घ्यावे आणि ठरल्या दिवशी त्याचा मोबदला मोजून द्यावा तो मालक, ही समजूत रोजच्या व्यवहाराला पुरेशी असली, तरी कर बसवू पाहणाऱ्या सरकारला ती कधीच पुरलेली नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३६ सालापासून बेकारीच्या विम्यासाठी मालकांवर मध्यवर्ती कर बसला, तेव्हा बारा महिने सात माणसे राबविणारा कारखानदार त्या कायद्याच्या नजरेत मालकच नव्हता. आणि ज्याच्या पदरी वर्षातील वीस निरनिराळ्या आठवड्यांत प्रत्येकी एक दिवस तरी आठ माणसे होती तो, उरलेले सारे वर्ष त्याने कारखान्याला कुलूप ठोकले असले तरी, मालक ठरत होता. हा आठाचा आकडा कोणत्याही न्यायतत्त्वातून निघालेला नव्हता, हे उघड आहे. तो कोठून आला, आठाचे चार आणि चाराचा एक कसा झाला, आणि एकावर येऊन पोहोचल्यानंतर वाद मिटण्याऐवजी दुसराच वाद का उभा राहिला, याची हकीकत वरवर पाहता एका व्याख्येची कुळकथा आहे. परंतु माणूस रिकामा बसला तर त्याचा भार कोणाच्या शिरावर टाकावा, या फार मोठ्या प्रश्नाचा इतिहास तीत सामावलेला आहे.

बेकारीच्या विम्याला आरंभी मालकाची गरजच भासली नव्हती. बेल्जममधील गेंट शहराने १९०१ साली जी पद्धत सुरू केली, तीत कामगारसंघ आपल्या सभासदांच्या वर्गणीतून बेकारभत्ता देत आणि नगरपालिका त्यात आपली भर घाली; मालक या व्यवहाराच्या सर्वस्वी बाहेर होता. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने हा विमा सक्तीचा केला, तेव्हा कामगार, मालक आणि सरकार असे तीन वाटेकरी झाले. परंतु तेथेही कायद्याने निवड केली ती धंद्यांची. इमारतकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती, लोखंडाचे ओतकाम अशा ठरावीक धंद्यांत जो नोकरीस असेल तो विमेदार, आणि त्याच्या पुस्तकावर हप्त्याची तिकिटे चिकटविणारा तो मालक, इतक्यावर काम भागत असे. अमेरिकेत मात्र खर्चाचा जवळजवळ सगळा भार मालकावर पडला. कामगाराच्या वेतनातून हिस्सा घेणारी राज्ये आज अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही तीनच उरली आहेत. पैसे एकट्यानेच भरावयाचे असे ठरले, की तो एकटा नेमका कोण हे ठरविणे हाच कायद्याचा गाभा होऊन बसतो.

हा भार एकट्या मालकावर का टाकला गेला, याचे उत्तर विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या जॉन आर. कॉमन्स यांच्या विचारात सापडते. त्या राज्याने १९११ साली अपघातात जायबंदी झालेल्या कामगाराची भरपाई मालकावर बसविली होती. आणि अपघाताचे पैसे स्वतःच्या तिजोरीतून जाऊ लागताच अपघात टाळण्याची सुबुद्धी कारखानदारांना होते, हा त्या प्रयोगाचा धडा कॉमन्स यांनी मनाशी पक्का केला होता. हंगाम संपताच माणसे काढून टाकणे आणि मागणी वाढताच पुन्हा बोलावणे, ही सवयही तिची किंमत मोजावी लागली तर सुटेल, अशी त्यांची धारणा होती. १९२१ साली हेन्री ह्यूबर यांनी राज्याच्या विधिमंडळात मांडलेला मसुदा याच भूमिकेवर रचलेला होता. तो नामंजूर झाला, आणि त्यानंतरच्या दशकात तशाच मसुद्यांची तीच गत होत राहिली. महामंदीने लक्षावधी लोकांना रस्त्यावर आणले तेव्हा कॉमन्स यांचे शिष्य हॅरॉल्ड ग्रोव्ह्ज यांनी, पॉल राउशेनबुश आणि एलिझाबेथ ब्रँडाइस या दांपत्याच्या साहाय्याने, तो विचार पुन्हा पुढे आणला, आणि २८ जानेवारी १९३२ रोजी गव्हर्नर फिलिप ला फॉलेट यांची त्यावर सही होऊन अमेरिकेतील पहिला बेकारी विम्याचा कायदा अस्तित्वात आला. त्याच सुमारास ओहायोतील तज्ज्ञ सर्व मालकांचा मिळून एकच सामाईक निधी असावा असे सुचवीत असता, विस्कॉन्सिनने प्रत्येक मालकाचे स्वतंत्र खाते उघडले. पुढे बहुतेक राज्यांनी निधी सामाईक ठेवला, तरी ज्याच्याकडून कमी माणसे बेकार होतात त्याला कराचा दर कमी, हे विस्कॉन्सिनचे तत्त्व टिकून राहिले. काम देतो म्हणून नव्हे, तर काम काढून घेऊ शकतो म्हणून मालक या कायद्याचा देणेकरी झाला, ही या कुळकथेतील मूळपुरुषाची ओळख आहे.

एकट्या राज्याने हा भार उचलला तर त्याचा माल महाग होईल आणि कारखाने शेजारच्या राज्यात निघून जातील, ही धास्ती उरलीच होती. तिच्यावरचा उपाय एलिझाबेथबाईंचे वडील, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी सुचविला. मध्यवर्ती सरकारच्या वारसाकरातून राज्याला भरलेल्या वारसाकराची वजावट देणारी तरतूद १९२७ साली फ्लॉरिडाच्या फिर्यादीत न्यायालयाने उचलून धरली होती. तीच युक्ती येथे लावावी, म्हणजे कर साऱ्या देशावर सारखाच बसेल आणि ज्या राज्यात स्वतःचा विमा असेल तेथील मालकांना त्यातून सूट मिळेल. १४ ऑगस्ट १९३५ रोजी मंजूर झालेल्या सामाजिक सुरक्षा कायद्याने असेच केले. वेतनावर १९३६ साली १ टक्का, १९३७ साली २ टक्के आणि १९३८ पासून ३ टक्के कर बसला, आणि राज्याच्या निधीत भरलेल्या रकमेची त्यातून ९० टक्क्यांपर्यंत वजावट मिळू लागली. आपल्या मालकांचे पैसे वॉशिंग्टनला जाऊ देण्यापेक्षा स्वतःचा कायदा करणे शहाणपणाचे, हे ओळखून १९३७ च्या मध्यापर्यंत एकूण एक राज्याने विमा स्वीकारला.

आठाचा आकडा याच कायद्यातला. मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तेरा आठवडे चार माणसे ठेवणारा तो मालक असे सुचविले होते; कनिष्ठ सभागृहाने चाराचे दहा आणि तेराचे वीस केले; वरिष्ठ सभागृह पुन्हा चारावर आले; आणि उभय सभागृहांच्या संयुक्त बैठकीत आठ माणसे आणि वीस आठवडे यांवर तडजोड झाली. लहान दुकानदाराकडे धड हिशेबाच्या वह्या नसतात, आणि त्याच्या दारी कारकून पाठविण्याचा खर्च वसुलीपेक्षा अधिक पडतो, एवढेच तिचे समर्थन होते. तरीही कलमाची भाषा मोठ्या दक्षतेने घडविलेली होती: ती आठ माणसे एकाच क्षणी कामावर हजर असली पाहिजेत असे नाही, हे तीत स्पष्ट म्हटले होते, म्हणजे सकाळी चार आणि संध्याकाळी दुसरे चार वाढपी ठेवणारा उपाहारगृहाचा चालकही तीतून सुटत नव्हता.

जे खरोखर सुटले त्यांची यादी निराळ्याच कलमात होती. शेतावरचे मजूर, घरकाम करणारी माणसे, धर्मादाय आणि शैक्षणिक संस्थांचे नोकर, तसेच सरकारी नोकर यांचे काम विम्यातून वगळले गेले, आणि त्याबरोबर मळेवाले आणि गृहस्वामी कितीही माणसे पदरी बाळगून मालकपणातून मुक्त झाले. वसुलीची अडचण हे कारण येथेही पुढे केले गेले. परंतु दक्षिणेतील कृष्णवर्णीय जनतेचा फार मोठा भाग याच दोन कामांवर पोट भरत होता, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९३५ साली वरिष्ठ सभागृहाच्या समितीपुढे साक्ष देताना या मसुद्याला अशा चाळणीची उपमा दिली होती, की जिच्या भोकांतून नेमके त्यांचेच बांधव खाली पडावेत. पुढील चाळीस वर्षे ती भोके बुजली नाहीत.

या कायद्याला न्यायालयात आव्हान मिळणार हे ठरलेलेच होते. अलाबामातील स्टुअर्ड मशीन कंपनीने ४६ डॉलर १४ सेंट एवढा कर भरला आणि तो परत मिळावा म्हणून फिर्याद लावली. २४ मे १९३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, न्यायमूर्ती कार्डोझो यांच्या निकालपत्राद्वारे कायदा ग्राह्य ठरविला. त्याच दिवशी अलाबामाच्या स्वतःच्या कायद्याविषयीच्या दुसऱ्या खटल्यात, आठ माणसांच्या मालकाला कर आणि सातांच्या मालकाला माफी हा पक्षपात नव्हे काय, या आक्षेपाला न्यायमूर्ती स्टोन यांनी उत्तर दिले, की वसुलीची सोय आणि वसुलीचा खर्च ही लहान करदात्यास वगळण्याची पुरेशी कारणे आहेत. न्यायालयाने कारकुनाच्या सोयीवर अशी मोहोर उठविली खरी. पण जी रेषा सोयीसाठी आखली, ती सोय बदलताच पुसता येते, हेही त्यातून आपोआप सिद्ध झाले.

आकडा ठरला, की तो चुकविण्याच्या वाटाही निघतात. एका धंद्याच्या दोन कंपन्या करून प्रत्येकीत सात माणसे दाखविली तर चौदा माणसांचा धनी कोणाचाच मालक उरत नाही. म्हणून अनेक राज्यांनी, एकाच व्यक्तीच्या ताब्यातील उद्योगांची माणसे एकत्र मोजावीत, आणि ठेकेदाराने मूळ धंद्याचेच काम अंगावर घेतले असेल तर त्याची माणसेही मूळ मालकाच्या हिशेबी धरावीत, अशी कलमे घातली. राज्यांच्या कायद्यांनी माणसे कामाला लावणारा प्रत्येक जण आणि त्यांपैकी ठरलेली मर्यादा ओलांडून कराला पात्र झालेला मालक, असे दोन वर्ग मुद्दाम वेगळे ठेवले. पहिल्या वर्गातला मनुष्य आपखुशीने दुसऱ्यात येऊ शकतो, आणि मध्यवर्ती कराला जो पात्र ठरला तो बहुतेक राज्यांत त्याच कारणाने राज्याचाही मालक ठरतो.

हिशेबाच्या वह्या सार्वत्रिक झाल्या तसा आकडा उतरत गेला. १९५४ च्या दुरुस्तीने १९५६ पासून आठाचे चार झाले. १९७० च्या दुरुस्तीने १९७२ पासून चाराचा एक झाला: वीस आठवड्यांत एक माणूस, अथवा एका तिमाहीत १,५०० डॉलर वेतन, यांपैकी काहीही पुरे होऊ लागले, आणि चार किंवा अधिक माणसांच्या धर्मादाय संस्थाही राज्यांच्या विम्यात आल्या. १९७६ च्या दुरुस्तीने १९७८ पासून वीस आठवडे दहा मजूर किंवा तिमाहीत २०,००० डॉलर मजुरी देणारा मळेवाला, आणि तिमाहीत १,००० डॉलर रोख वेतन देणारा गृहस्वामी हेही मालक झाले. न्यू जर्सीतील एडिसनला राहणाऱ्या एखाद्या मराठी दांपत्याने मूल सांभाळायला बाई ठेवली, तर एवढ्या वेतनावर तेही आज या पंक्तीत जाऊन बसते. कॅलिफोर्नियात सामान्य धंद्याला एका तिमाहीत १०० डॉलरांहून अधिक वेतन दिले की पुरते.

आता सारेच मालक झाले, असे वाटावे. परंतु ‘माणसे किती’ हा प्रश्न निकालात निघताच ‘ती तुझी आहेत काय’ हा प्रश्न पुढे आला. जुन्या धनी-चाकर न्यायात हुकूम चालविण्याचा अधिकार ज्याचा तो धनी, एवढीच कसोटी होती, आणि १९४८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार झुगारून मध्यवर्ती करापुरती तीच कायम केली. अनेक राज्यांनी मात्र विम्याच्या कायद्यात तिच्याहून कडक अशी तिहेरी कसोटी घातली होती, जिला आज एबीसी कसोटी म्हणतात. तीप्रमाणे काम करणारा मनुष्य मुळात नोकरच समजावयाचा. तो नोकर नाही असे ज्याचे म्हणणे असेल त्याने, तो आपल्या हुकमतीबाहेर आहे, त्याचे काम आपल्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे किंवा आपल्या जागेबाहेरचे आहे, आणि त्याचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय चालू आहे, या तिन्ही गोष्टी शाबीत केल्या पाहिजेत. त्यामुळे एकच मनुष्य वॉशिंग्टनच्या दप्तरी स्वतंत्र व्यावसायिक आणि राज्याच्या दप्तरी नोकर असू शकतो.

मोबाइलवरील ॲपने कामे वाटणाऱ्या कंपन्या आल्या तेव्हा ही कसोटी रणभूमी झाली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली डायनामेक्स खटल्यात किमान वेतनाच्या संदर्भात ती स्वीकारली, २०२० पासून कायद्याने ती बेकारी विम्यालाही लागू झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी ॲपवरील वाहनचालकांना तीतून वगळले. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२० रोजी, जुन्या हुकमतीच्या कसोटीनेच, पोस्टमेट्स या कंपनीचा जिन्नस पोहोचविणारा माणूस विम्यापुरता तिचा नोकर ठरविला. आणि दुसऱ्याच दिवशी, २७ मार्च रोजी, महासाथीमुळे काम गमावलेल्या स्वतंत्र व्यावसायिकांनाही मध्यवर्ती खजिन्यातून भत्ता देणारा कायदा मंजूर झाला. या दोन तारखांत साऱ्या वादाचे मर्म आहे. ज्याचा मालक सापडला त्याचा भार मालकाच्या खात्यावर, आणि ज्याचा सापडला नाही त्याचा साऱ्या करदात्यांवर. बेकारीची किंमत कोणी ना कोणी मोजतोच.

आठ, चार, एक हे आकडे कारकुनाच्या सोयीने बदलले, आणि तिहेरी कसोटीही वकिलांच्या चातुर्यापुढे कधी टिकेल, कधी टिकणार नाही. त्यांच्यापेक्षा कॉमन्स यांचा मूळ विचार मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो माणसे मोजत नाही आणि करारनाम्यावरील नावही पाहत नाही. माणसे केव्हा कामाला लावावीत, किती लावावीत आणि केव्हा रिकामी बसवावीत हे ज्याच्या हाती असते, तोच बेकारी कमी करू शकतो. म्हणून खर्चही त्याच्याच खात्यावर पडला पाहिजे. आज कोणाला किती फेऱ्या मिळाव्यात आणि कोणाच्या मोबाइलवर निरोपच येऊ नये हे ठरविणारी कंपनी आपण केवळ मध्यस्थ आहोत असे म्हणते, तेव्हा तिचा निकाल करण्यासाठी ती काम देते काय, हे पाहण्यापेक्षा तिच्या एका निर्णयाने किती माणसे दुसऱ्या दिवशी घरी बसतात, एवढेच विचारावे.