पिंक्नी, चार्ल्स कोट्सवर्थ

(२५ फेब्रुवारी १७४६–१६ ऑगस्ट १८२५). अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील एक सेनानी, मुत्सद्दी आणि गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांचा मालक. जन्म चार्ल्सटन (साउथ कॅरोलायना) येथे. त्याची आई इलायझा ल्यूकस हिने त्या वसाहतीत निळीची लागवड यशस्वी केली. वयाच्या सातव्या वर्षी तो इंग्लंडला गेला. तेथे वेस्टमिन्स्टर शाळा, ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय व मिडल टेंपल येथे शिक्षण घेऊन १७६९ मध्ये तो परतला व वकिली करू लागला.

स्वातंत्र्ययुद्धात ब्रँडीवाइन व जर्मनटाउन येथील लढायांच्या वेळी (१७७७) तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या निकट साहाय्यकांत होता. चार्ल्सटनच्या पाडावानंतर (मे १७८०) तो ब्रिटिशांच्या कैदेत पडला आणि १७८२ मध्ये सुटला.

फिलाडेल्फियाच्या संविधान परिषदेत (१७८७) त्याने साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधित्व केले. प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना गुलामांची गणना गोऱ्यांच्या बरोबरीने व्हावी, असा त्याचा आग्रह होता. तडजोडीने ती तीन-पंचमांश प्रमाणात मान्य झाली. गुलामांच्या आयातीवर काँग्रेसने बंदी घालू नये यासाठी सुचविलेली १८०० ही मुदत त्याच्याच सूचनेवरून १८०८ पर्यंत वाढली. या मुदतीत, १८०३ नंतरच्या चार वर्षांत, एकट्या चार्ल्सटन बंदरात सुमारे ४०,००० आफ्रिकी गुलाम उतरविण्यात आले.

जानेवारी १७८८ मध्ये राज्य विधिमंडळात संविधानाचे समर्थन करताना त्याने हक्कांची सनद वगळण्याचे एक कारण उघडपणे सांगितले : अशा सनदांचा प्रारंभ सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत या घोषणेने होतो आणि ज्यांची बरीचशी मालमत्ता जन्मजात गुलामांच्या रूपाने आहे, त्यांना अशी घोषणा शोभणार नाही. इतरांनी संदिग्ध शब्दांत झाकलेली विसंगती त्याने स्वतःच अशा प्रकारे मान्य केली. तथापि तिच्या निवारणाचा विचार त्याने केला नाही.

फ्रान्समधील वकील म्हणून १७९६ मध्ये त्याची नेमणूक झाली; पण डिरेक्टरी सरकारने त्याला स्वीकारले नाही. पुढील वर्षी जॉन मार्शल व एल्ब्रिज गेरी यांच्यासह वाटाघाटी करताना फ्रेंच मध्यस्थांनी मागितलेली लाच त्याने साफ नाकारली. ‘एक्सवायझेड प्रकरण’ या नावाने गाजलेल्या या घटनेमुळे त्याची कीर्ती वाढली. फेडरॅलिस्ट पक्षातर्फे त्याने १८०० मध्ये उपाध्यक्षपदाची, तर १८०४ व १८०८ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक लढविली. पण तो अनुक्रमे टॉमस जेफर्सन व जेम्स मॅडिसन यांच्याकडून पराभूत झाला. चार्ल्सटन येथे तो मरण पावला.

राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी कारावास सोसणारा आणि परराष्ट्राच्या लाचेपुढे न झुकणारा पिंक्नी माणसांवरील मालकीहक्क मात्र अखेरपर्यंत राखून होता. अमेरिकन संविधानातील गुलामगिरीविषयक तडजोडींचे मूळ समजून घेण्यासाठी त्याचे चरित्र म्हणूनच महत्त्वाचे ठरते.