जॉर्ज विटेट : एका वास्तुकाराच्या दोन भाषा

‘गेटवे ऑफ इंडिया कोणी बांधला?’ असे वर्गात विचारले की ‘इंग्रजांनी’ हे उत्तर हमखास येते. उत्तर अगदीच चुकीचे नाही. पण ज्याने त्याचा आराखडा केला तो माणूस इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता. जॉर्ज विटेट हे त्याचे नाव. ग्रंथ घरोघरी पोहोचावा आणि ग्रंथकर्ता मात्र कोणाला ठाऊक नसावा, तशी त्याची गत झाली आहे.

विटेटचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथॉल या डोंगराळ मुलखातल्या गावी झाला. पर्थ येथे उमेदवारी, नंतर एडिंबरो आणि यॉर्क येथे काही काळ काम, आणि १९०४ मध्ये मुंबई. येथे तो सरकारचा सल्लागार वास्तुकार जॉन बेग याचा साहाय्यक झाला. बेगही स्कॉटिशच. पुढे बेग भारत सरकारच्या सेवेत गेल्यावर त्याचे पद विटेटकडे आले.

त्या वेळी मुंबईच्या सार्वजनिक इमारतींवर गॉथिक शैलीचा ठसा होता. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह ज्या गिल्बर्ट स्कॉटने रेखाटले, तो तर आयुष्यात कधी भारतात आलाच नाही. बेग आणि विटेट यांनी वेगळी वाट धरली. ज्या देशात बांधायचे, त्या देशातल्या जुन्या वास्तूंकडे पाहायचे. या पद्धतीला ‘इंडो-सारसेनिक’ म्हणतात. नाव अवघडच आहे.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे या पद्धतीचे मुंबईतले सर्वांत समृद्ध उदाहरण. १९०५ मध्ये पायाभरणी झाली आणि १९०९ च्या स्पर्धेत विटेटचा आराखडा निवडला गेला. कुर्ल्याचा करडा बेसाल्ट, मालाडचा पिवळसर दगड, आणि वर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट. १९१४ मध्ये इमारत उभी राहिली; पण महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालय म्हणून उपयोग झाला आणि संग्रहालय खुले व्हायला १९२२ साल उजाडले. गोलघुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर. शहाजीराजे ज्या दरबारात सरदार होते आणि शिवरायांनी ज्या सत्तेविरुद्ध स्वराज्य उभे केले, ती ही आदिलशाही. १९९८ मध्ये संग्रहालयाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. विजापुरी घुमटाखाली आता शिवरायांचे नाव आहे. घुमट रेखाटणाऱ्याच्या मनात यातले काही असणे शक्यच नव्हते. वास्तूचा अर्थ कर्त्याच्या हाती राहत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

गेटवेचेही असेच. १९१३ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा ज्या राजाच्या आगमनाचे ते स्मारक, तो पंचम जॉर्ज १९११ सालीच येऊन गेला होता. सोळाव्या शतकातल्या गुजरातची कमान आणि जाळी, खरोडीचा पिवळसर बेसाल्ट, ४८ फूट व्यासाचा मधला घुमट, सुमारे २१ लाख रुपये खर्च. १९२४ मध्ये काम संपले, तोवर पैसेही संपले होते. समोरून येणारा नियोजित रस्ता झालाच नाही, म्हणून आजही ही कमान येणाऱ्या वाटेला तिरकी उभी दिसते. तट नाही, वाट नाही, नुसते दार. अखेरची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच दारातून बाहेर पडली.

आता जरा उत्तरेकडे, बॅलार्ड इस्टेटकडे चला. बंदराच्या खोदकामातून निघालेल्या मातीचा भराव घालून १९१४ ते १९१८ या काळात पोर्ट ट्रस्टने ही व्यापारी वसाहत उभारली. तिची आखणी विटेटचीच. येथे मात्र घुमट नाहीत, जाळ्या नाहीत. लंडनच्या एखाद्या गल्लीत शोभावीत अशी खांबांची, कंगोऱ्यांची, शिस्तीत उभी दालने. कचेरीबाहेर रयतेशी देशी भाषेत बोलणारा आणि क्लबात शिरताच इंग्रजीवर येणारा साहेब आठवतो. सत्तेला जेथे डोळ्यांत भरायचे होते, तेथे तिने भारतीय पेहराव केला. जेथे हिशेब करायचा होता, तेथे ती आपल्या घरच्या कपड्यांत राहिली. विटेटला या दोन्ही भाषा सारख्याच सफाईने येत होत्या. हे त्याचे कौशल्य होते. माझ्या मते त्याची मर्यादाही हीच होती.

अर्थात ही मांडणी सगळीकडे बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही त्याचीच वास्तू, मुंबईच्या दानशूरांच्या पैशांतून उभी राहिलेली आणि तरीही पाश्चात्त्य वळणाची. तेथे ‘देशी’ दिसण्याची गरज कोणाला वाटली नाही. देणगीदारांनाही नाही. पाश्चात्त्य रूप म्हणजे आधुनिकता, असे त्यांनीही मानले असेल काय?

१९१७ साली मुंबईतील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या संघटनेचा विटेट पहिला अध्यक्ष होता. तीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. १९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडून तो टाटांकडे गेला, आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेले ‘बॉम्बे हाउस’ हे त्याच काळातले काम. परळचे केईएम रुग्णालय आणि गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्या इमारतीही त्याच्याच. या महाविद्यालयाच्या देणगीला एक अट जोडलेली होती : अध्यापक भारतीयच असावेत, आणि सरकारी नोकरीतले नसावेत. बादशाही स्वागताची कमान ज्याने रेखाटली, त्यानेच या अटीवर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाच्या भिंतीही रेखाटल्या.

केईएम १९२६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी आमांशाने मुंबईतच विटेटचा मृत्यू झाला. वय अठ्ठेचाळीसच्या आत. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरले आहे.