शोधनिबंध, विद्यार्थ्यांचा (नंदुरबार जिल्हा)

शोधनिबंध : एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यासह मांडणारे लेखन. साध्या निबंधात मत पुरते, शोधनिबंधात ते कशावरून, हे दाखवावे लागते. शोधप्रबंधापेक्षा त्याचा आवाका लहान असतो. गोषवारा, प्रश्न, पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा, पद्धती, निष्कर्ष आणि संदर्भसूची हे त्याचे रूढ भाग. नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (स्थापना १९९०) कार्यक्षेत्रात येतात.

विषयाची निवड : ‘आदिवासींचे जीवन’ हा विषय नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ आहे आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांना एकाच शीर्षकाखाली कोंबले की सगळेच निसटते. ‘अक्राणी (धडगाव) तालुक्यातील एका गावात, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुलांची दिवाळी ते होळी या काळातली शाळेतील हजेरी’ हा मात्र विषय आहे, कारण गाव, काळ आणि मोजायची गोष्ट तिन्ही ठरलेली आहेत. या स्थलांतराचे दुसरे टोक डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी अभ्यासले. गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या खानदेशी मजुरांवरचा त्यांचा लेख १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आढाव्याची सुरुवात तिथून करता येते.

जुनी आकडेवारी : येथे विद्यार्थी हमखास फसतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे ‘नंदुरबार जिल्ह्याची १९८१ ची लोकसंख्या’ १९८१ च्या जनगणनेच्या तक्त्यांत सापडणार नाही. ती धुळे जिल्ह्याच्या तालुकानिहाय आकड्यांतून जुळवावी लागते. धुळे जिल्हा हे नाव रूढ होण्याआधीचे कागद पश्चिम खानदेशाच्या नावाने आणि १९०६ पूर्वीचे अखंड खानदेशाच्या नावाने शोधावेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० चा आहे. धडगाव हे गाव, तर सरकारी तक्त्यातला तालुका अक्राणी, हेही ध्यानात ठेवावे.

क्षेत्रकार्य : वेळापत्रक परीक्षेवर नव्हे, गावावर बेतावे. डिसेंबरात सातपुड्यातील अनेक पाड्यांवर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच भेटतात. त्या महिन्यातल्या पाहणीवरून ‘गावात तरुण नाहीत’ असे लिहिले, तर ती चूक पद्धतीची आहे. होळीला बरेच जण परततात.

प्रश्नावलीची भाषा हा याहून मोठा प्रश्न. ‘आपले वार्षिक उत्पन्न किती?’ असे प्रमाण मराठीत विचारल्यावर मिळणारा आकडा बहुधा पाहुण्याचे मन राखण्यापुरता असतो. मुकादमाकडून उचल किती घेतली, किती फिटली, ज्वारीची पोती किती झाली, असे विचारले तर हिशेब लागतो. उत्तर पावरी, मावची किंवा देहवालीत आले तर मूळ शब्द आधी देवनागरीत टिपावा, भाषांतर नंतर करावे. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भारतातील भाषिक सर्वेक्षणात भिल्ली व खानदेशी बोलींचा भाग १९०७ मध्येच छापला गेला. पण घरात ती बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याजवळ ग्रियर्सनपेक्षा अधिक सामग्री आहे, आणि ती तो क्वचितच वापरतो, ही खरी हानी आहे.

नोंदींची शिस्त कशी असावी, याचा नमुना जिल्ह्यातच आहे. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर त्यांनी एकाखाली एक नोंदवले. कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली, हे जागेवरच टिपलेले असल्यामुळे कालक्रम मांडता आला. मुलाखतीच्या वहीतही तारीख, पाडा आणि बोलणाऱ्याचे वय त्याच दिवशी लिहावे.

लेखन आणि सचोटी : आधी तक्ते व नोंदी, मग निष्कर्ष, आणि गोषवारा सर्वांत शेवटी लिहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई होते. तरीही टक्केवारी दहाच्या आत बसवण्यासाठी उचललेल्या परिच्छेदातले शब्द फिरवणे ही चोरीच आहे. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातील प्रबंध वाचावेत, त्यांचा उल्लेख करावा, त्यांतून उतरवू नये.

माहिती देणाऱ्यांची संमती घ्यावी, नावे गाळावीत, आणि निबंध पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत त्या गावच्या शाळेत नेऊन द्यावी.