दोन नायकांचा एकच श्वास : 'पोर्ट्रेट ऑफ रुइन'

'कॅसलव्हेनिया : पोर्ट्रेट ऑफ रुइन' हा जपानच्या कोनामी कंपनीने 'निन्टेंडो डीएस' या हातात मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या खेळयंत्रासाठी तयार केलेला साहसी व्हिडिओ गेम. नोव्हेंबर २००६ मध्ये तो जपानमध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर डिसेंबर २००६ मध्ये उत्तर अमेरिकेत आणि मार्च २००७ मध्ये युरोपात. जपानमधील त्याचे नाव 'गॅलरी ऑफ लॅबिरिन्थ', म्हणजे चक्रव्यूहाचे चित्रदालन. ड्रॅक्युलाचा किल्ला, रक्तपिपासू पिशाच्चे, दफनभूमी आणि शापित घराणी असा भयकथांचा सारा सरंजाम या मालिकेत पहिल्यापासून आहे. या गेमचे वेगळेपण असे, की त्यात दोन नायक एकाच वेळी पडद्यावर वावरतात आणि खेळणारा हवे तेव्हा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. ही सोय पुढे कथेचाच कणा बनते, म्हणून हा गेम आजही आठवला जातो.

मालिकेची पूर्वपीठिका

'कॅसलव्हेनिया' मालिकेचा आरंभ १९८६ मध्ये झाला. बेलमॉन्ट घराण्यातील वीराने 'व्हॅम्पायर किलर' नावाचा मंतरलेला चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरायचे आणि त्याचा अंत करायचा, हे तिचे मूळ सूत्र. सुरुवातीचे गेम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत. १९९७ च्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'ने ही पद्धत बदलली. तेथे अवघा किल्ला हाच एक सलग नकाशा झाला. नवी शक्ती मिळाली, की आधी न उघडलेला दरवाजा उघडायचा आणि पाहिलेल्या जागीच नवी वाट शोधायची. अशा खेळांना पुढे 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन नावांच्या संयोगातून 'मेट्रॉइडव्हेनिया' म्हटले जाऊ लागले. 'सिम्फनी'च्या घडणीत मोठा वाटा असलेले कोजी इगाराशी हेच 'पोर्ट्रेट ऑफ रुइन'चे निर्माते. संगीत मिचिरु यामाने आणि युझो कोशिरो यांचे.

एकाहून अधिक नायकांची कल्पना मालिकेत नवी नव्हती. १९८९ च्या तिसऱ्या भागात मुख्य वीराला एका वेळी एक सोबती घेता येई. पण सोबती आला, की वीर अदृश्य होई. १९९४ च्या 'ब्लडलाइन्स'मध्ये जॉन मॉरिस आणि एरिक लेकार्ड असे दोन मित्र होते. त्यांच्यापैकी एकाची निवड आरंभीच करावी लागे आणि दुसरा पुन्हा हाती येत नसे. या दोन मित्रांच्या पुढच्या पिढीची गोष्ट 'पोर्ट्रेट ऑफ रुइन' सांगतो.

कथानक

काळ १९४४ चा. दुसऱ्या महायुद्धाने युरोप होरपळतो आहे. युद्धात बळी पडलेल्यांच्या अतृप्त आत्म्यांमुळे ड्रॅक्युलाचा किल्ला पुन्हा उभा राहतो. त्यावर ताबा मात्र ड्रॅक्युलाचा नाही, तर ब्राउनर नावाच्या चित्रकार पिशाच्चाचा आहे. आपल्या शापित चित्रांच्या साहाय्याने किल्ल्याची शक्ती त्याने स्वतःकडे वळवली आहे. त्याला रोखायला दोघे तरुण येतात. जॉन मॉरिसचा मुलगा जोनाथन आणि त्याची बालमैत्रीण, मंत्रविद्येत पारंगत असलेली शार्लट ऑलिन.

जोनाथनच्या हाती तो प्रसिद्ध चाबूक आहे, पण त्याची खरी शक्ती सुप्त आहे. ती कशी जागवावी हे वडिलांनी त्याला कधीच सांगितले नाही आणि याचा सल त्याच्या मनात आहे. किल्ल्यात त्याला 'विंड' नावाचा एक आत्मा भेटतो, मार्ग दाखवतो, लहानमोठी कामे सोपवून नवी कौशल्ये देतो. हा विंड म्हणजेच एरिक लेकार्ड. ब्राउनरने त्याचा जीव घेतला आणि त्याच्या स्टेला व लोरेटा या दोन मुलींना पिशाच्च बनवून आपल्या मुली म्हणून जवळ ठेवले.

ब्राउनरच्या या कृत्यामागे दुःख आहे. त्याच्या स्वतःच्या दोन मुली पहिल्या महायुद्धात मारल्या गेल्या आणि त्या आघातातून त्याचा मानवजातीविषयीचा द्वेष उपजला. एका युद्धाने ज्याचे घर उद्ध्वस्त केले, तो दुसऱ्या युद्धाच्या मृतांवर आपले राज्य उभारू पाहतो. पिशाच्चकथांतील ठराविक खलनायकापेक्षा तो वेगळा ठरतो तो यामुळेच.

चाबकाचे रहस्यही तितकेच करुण आहे. तो बेलमॉन्ट रक्ताचा वारस नसलेल्याच्या हाती पूर्ण शक्तीने चालला, तर धारण करणाऱ्याचे आयुष्य हळूहळू शोषून घेतो. जॉनचा अंत त्यामुळेच ओढवला. वडिलांचे मौन ही उपेक्षा नव्हती, मुलाला वाचवण्याची धडपड होती, हे जोनाथनला उशिरा उमगते.

दोघे मिळून एक

खेळण्याची पद्धत या कथेला धरूनच रचलेली आहे. जोनाथन शस्त्रांत निपुण आहे. चाबूक, तलवार, कुऱ्हाड, फेकण्याचे सुरे अशी आयुधे तो वापरतो आणि फेकण्याची शस्त्रे जितकी वापरावीत तितकी ती प्रभावी होत जातात. शार्लट ग्रंथातून शस्त्रे प्रकट करते आणि मंत्र म्हणते. मंत्र पूर्ण म्हणू दिला तर त्याचा जोर वाढतो, मात्र तोवर तिला शत्रूपासून जपावे लागते.

एकाला खेळवताना दुसरा संगणकाच्या नियंत्रणाखाली सोबत लढतो. नको असेल तर त्याला दूरही पाठवता येते. दोघांची प्राणशक्ती मात्र एकच आहे. मंत्रशक्तीचा साठाही सामाईक आहे. सोबत्याला घाव बसला, तर प्राणशक्तीऐवजी हा साठा घटतो. त्यामुळे सोबत्याला बेफिकिरीने पुढे ढकलले, तर ऐन मोक्याला मंत्र म्हणण्याइतकेही बळ उरत नाही. दोघांच्या संयुक्त प्रहारालाही हाच साठा खर्ची पडतो. जड वस्तू दोघांनी मिळून ढकलायची, सोबत्याच्या खांद्यावरून उंच उडी घ्यायची, अशी अनेक कोडी जोडीशिवाय सुटत नाहीत. वाळवंटातील चित्रात अस्टार्टी नावाची राक्षसी जोनाथनला मोहिनी घालते. शार्लटवर ती मोहिनी चालत नाही, आणि अशा वेळी नायक बदलण्याचे महत्त्व खेळणाऱ्याला आपोआप पटते.

चित्रांच्या आतली जगे

ब्राउनरची चित्रे हीच या गेममधील प्रवेशद्वारे. चित्रात उडी घेतली, की वेगळेच जग उघडते. धुक्याने वेढलेले लंडनसारखे शहर, पिरॅमिडचा अंतर्भाग, उलटीसुलटी फिरणारी सर्कस आणि झपाटलेली विद्यापीठाची आवारे अशी पहिली चार चित्रे आहेत. अनेक जुन्या भागांत किल्ल्याच्या भिंती, घड्याळाचा मनोरा, भूमिगत गुहा हेच पुन्हा पुन्हा येत असल्याने मालिकेला एकसुरीपणा आला होता. चित्रांच्या युक्तीने किल्ला न सोडताही देशोदेशीचे देखावे आणणे शक्य झाले.

मात्र एक उणीव येथेच राहिली. उत्तरार्धातील चार चित्रे पहिल्या चारांचीच प्रतिरूपे आहेत. रस्ते बदललेले आणि शत्रू अधिक कठीण असले, तरी पार्श्वभूमी ओळखीची वाटते. पूर्वीच्या भागांसाठी चित्रकार आयामी कोजिमा यांनी रेखाटलेल्या गंभीर, अभिजात व्यक्तिचित्रांच्या जागी येथे अॅनिमेच्या धाटणीची चित्रे आली आणि अनेक जुन्या चाहत्यांना ती रुचली नाहीत. दोन मित्रांना एकत्र खेळण्याची सोय होती, तीही मुख्य कथेसाठी नव्हती. बलाढ्य शत्रूंशी एकापाठोपाठ एक लढण्याच्या वेगळ्या प्रकारापुरतीच होती. जोडीवर बेतलेल्या गेममध्ये ही मर्यादा खटकते.

निवडीचा क्षण

कथेचा कस लागतो तो स्टेला आणि लोरेटा यांच्याशी होणाऱ्या सामन्यात. (पुढील मजकुरात शेवट उघड केला आहे.) या बहिणींना केवळ पराभूत केले, तर गेम तेथेच दुःखद समाप्तीला पोहोचतो. खरा मार्ग म्हणजे शार्लटच्या 'सँक्च्युअरी' या शुद्धीमंत्राने त्यांना पिशाच्चयोनीतून मुक्त करणे. हा मंत्र आधी मिळवावा लागतो आणि तो म्हणायला वेळ लागतो. तोवर दोघी हल्ले करीत राहतात. हाती शस्त्र असूनही जीव न घेण्याचा निर्धार खेळणाऱ्यालाच करावा लागतो.

मुक्त झालेल्या बहिणी पुढे जोनाथनला चाबकाची शक्ती जागवण्याचा विधी करून देऊ शकतात. त्यासाठी चाबकात साठलेल्या स्मृतीशी, म्हणजे रिश्टर बेलमॉन्टच्या रूपातील प्रतिमेशी, लढावे लागते. ही शक्ती घेणे सक्तीचे नाही. तिची किंमत ठाऊक झाल्यावर ती घ्यायची की नाही, हे खेळणाऱ्यावर सोडलेले आहे. ब्राउनरच्या अंतानंतर ड्रॅक्युला जागा होतो आणि त्याच्या साथीला त्याचा जुना सेवक मृत्यू उभा राहतो. दोघांविरुद्ध दोघे अशी ही अखेरची लढत. हरण्याची वेळ येताच ड्रॅक्युला आपल्या सेवकालाच गिळंकृत करून बळ वाढवतो. एका जोडीत एकाचा बळी जातो, दुसरीत दोघे एकमेकांना सावरतात. वडिलांच्या पिढीला जे साधले नाही ते मुलांना का साधते, याचे उत्तर या विरोधात आहे.

नंतरची वाटचाल

गेम पूर्ण केल्यावर रिश्टर आणि मारिया, स्टेला आणि लोरेटा अशा इतर जोड्यांनीही तो पुन्हा खेळता येतो. निन्टेंडोची डीएससाठीची इंटरनेट सेवा मे २०१४ मध्ये बंद झाल्याने मूळ यंत्रावर दूरच्या मित्रासोबत खेळणे थांबले. इगाराशी यांनी मार्च २०१४ मध्ये कोनामी सोडली आणि २०१९ मध्ये याच परंपरेतील 'ब्लडस्टेन्ड : रिच्युअल ऑफ द नाइट' हा गेम आणला. अनेक वर्षे 'पोर्ट्रेट ऑफ रुइन' खेळायचा तर जुने यंत्र आणि जुनी कार्ट्रिज शोधावी लागे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोनामीने 'डॉमिनस कलेक्शन' या संचात डीएसवरील तिन्ही भाग संगणक आणि आधुनिक खेळयंत्रांसाठी उपलब्ध केले. चूक झाल्यास काही क्षण मागे जाण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे नवख्यांनाही हा गेम पेलण्याजोगा झाला आहे.

कॅसलव्हेनियाचा वारसा रक्ताने ठरतो, असे मालिका सातत्याने सांगत आली होती. या भागात वारस नसलेला एक मुलगा, त्याची मैत्रीण आणि त्या दोघांची सामाईक प्राणशक्ती एवढ्या भांडवलावर तेच युद्ध जिंकता येते. ज्यांना या मालिकेची ओळख करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा गेम आरंभ करण्यास उत्तम आहे.