केवलादेवचे श्वेत क्रौंच

भरतपूरजवळच्या केवलादेवाच्या देवळाभोंवतीं पसरलेला पाणथळ प्रदेश केवळ निसर्गानें दिलेला नव्हे. अठराव्या शतकांत महाराजा सूरजमल यांनीं अजान बांध घातला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील राजांनीं ते पाणी खेळवून ही भूमि बदकांच्या शिकारीसाठीं तयार करविली. देवळाजवळच्या शिलांवर त्या शिकारींचे आंकडे कोरलेले आहेत. १९३८ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले!

याच पाण्यावर दर हिवाळ्यांत पश्चिम सायबेरियांतून श्वेत क्रौंच येत. शुभ्र देह, तांबडा चेहरा आणि उडतांना दिसणारीं पंखांचीं काळीं टोंकें, असें त्यांचें रूप. जहांगीर बादशहाच्या पदरच्या उस्ताद मन्सूर यानें सतराव्या शतकांतच या पक्ष्याचें चित्र काढून ठेविलें आहे. उथळ पाण्यांत उभें राहून नरमादी चिखलांतील लव्हाळ्याचे कंद उकरीत, आणि बदामी रंगाचें एखादें पिलूं त्यांच्या चोंचीकडे लक्ष लावून असे. १९६४-६५ च्या हिवाळ्यांत असे सुमारें २०० क्रौंच तेथें होते.

पुढें बंदुका थांबल्या. १९८१ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें. १९८५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. आतां क्रौंचांस सुखाचे दिवस आले, असें कोणासहि वाटावें. घडलें मात्र उलट. १९८२ सालीं उद्यानांत गुरें चारण्यास बंदी झाली; गांवकरी व पोलीस यांच्यांत चकमक होऊन कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं दीर्घ पाहणी करून दाखविलें कीं, म्हशी चरत म्हणूनच पाणी मोकळें राहत असे. त्या गेल्यावर गवत माजलें. तिकडे अफगाणिस्तानांतील वाटेवर क्रौंचांची शिकार होतच होती. थवा लहान होत गेला. २००१-०२ च्या हिवाळ्यांत अवघी एक जोडी उतरली. ती उडून गेली, ती पुन्हां आली नाहीं.

चीनमधील पोयांग सरोवरावर याच जातीचे क्रौंच आजहि हजारोंनीं उतरतात. म्हणजे जात उरली आहे, भरतपूरची वाट जाणणारें कुळ तेवढें संपलें. ज्याचा संसार अनेक देशांवर पसरलेला आहे, त्याचें रक्षण एका कुंपणानें होत नाहीं. आणि कुंपणाच्या आंतहि, म्हशींचे व गुराख्यांचे उपकार न ओळखतां केलेली राखण अपुरीच ठरते. शिलांवर मारलेल्या पक्ष्यांची मोजदाद आहे. या जोडीची नोंद मात्र आपणच मनांत ठेवावयाची आहे.