ध्वनिमुद्रिकांतील हरवलेला चढउतार



गाण्यांत स्वराच्या उंचीला जितकें महत्त्व आहे, तितकेंच त्याच्या लहानमोठेपणालाही आहे. ख्यालाच्या आरंभीं गवई ज्या मंद आवाजांत षड्ज लावतो आणि द्रुत लयींत ज्या जोरानें तान घेतो, त्या दोहोंमधील अंतर नाहींसें झालें, तर राग ओळखूं येईल, पण गाणें निस्तेज होईल. यंत्रानें हें अंतर कसें आकुंचित केलें आणि तें परत मिळविण्याचे कोणते यत्न झाले, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

१९०२ सालीं फ्रेड गायस्बर्ग यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आला आणि गौहरजानचें गाणें त्यानें मुद्रित केलें. त्या वेळीं या कामांत विजेचा उपयोग नव्हता. गवयानें कर्ण्यांत गावें, आवाजानें पडदा हालावा आणि सुईनें मेणावर रेघ कोरावी, अशी ती रीत होती. आवाज फार लहान झाला, तर तो तबकडीच्या खरखरींत बुडे; फार मोठा झाला, तर रेघ शेजारच्या रेघेंत घुसे. म्हणून तारस्वर घेतांना गवयाला मागें सरावें लागे आणि हलक्या स्वरांसाठीं कर्ण्याजवळ जावें लागे. आवाजाचें पहिलें आकुंचन असें गाणाऱ्याच्या पावलांनींच झालें!

१९२५ सालीं विजेवरील मुद्रण आलें. अब्दुल करीमखांच्या (१८७२-१९३७) मुद्रिका या दोन्ही काळांतील आहेत. कांहीं शतकाच्या आरंभीं कर्ण्यासमोर गाइलेल्या, तर कांहीं १९३० नंतर ओडियन कंपनीनें विजेच्या साहाय्यानें घेतलेल्या. दुसऱ्या प्रकारांत स्वर हळुवारपणें विरत जातो, तोही कानाला जाणवतो. त्यांचीच एक मुद्रिका ऐकून बालपणीं भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला. तरीही लाखेच्या तबकडीवर लहान व मोठ्या आवाजांतील अंतर सुमारें ३० ते ४० डेसिबेलच मावे. मुद्रण करणारा मनुष्य गाणें चालूं असतां हातानें आवाज वरखालीं करी, आणि आपण केव्हां काय केलें याची नोंद मागें ठेवीत नसे.

येथेंच या प्रश्नाचें मर्म आहे. अटलांटिकपलीकडील बिनतारी टेलिफोनवर संभाषण पाठवितांना आवाज आकुंचित करीत आणि घेतांना त्याच नियमानें पुन्हा फुलवीत. १९६५ सालीं रे डॉल्बीनें आणि १९७१ सालीं डेव्हिड ब्लॅकमरच्या डीबीएक्स कंपनीनें फितीवरील मुद्रणांत हेंच तत्त्व वापरलें. नियम ठाऊक असला, म्हणजे गांठ जशी बांधली तशी सोडवितां येते. नियम ठाऊक नसला, म्हणजे केवळ तर्क उरतो.

तळवड्याहून देहू जवळच आहे. समजा, देहूच्या वाटेवर कोणी खिशांतील टेलिफोनवर दिंडीचें भजन मुद्रित केलें. दिंडी दूर असतां यंत्र आपण होऊन आवाज वाढवितें. टाळ जवळ आले कीं तो दाबून टाकतें. घरीं ऐकतांना दूरची आणि जवळची दिंडी सारखीच वाटते. यंत्रानें कोणत्या क्षणीं किती दाबलें हें कोठेंच लिहिलेलें नसतें. मग उलट मार्गानें जावयाचें कसें?

१९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें सुमारें ९६ डेसिबेलांची सोय होती. पण १९९० नंतर, आपली तबकडी शेजाऱ्याच्या तबकडीहून मोठ्यानें वाजावी या चढाओढींत, उत्पादकांनीं तिचा अल्पसा भागच वापरला. लहान आवाज उचलले आणि मोठ्या आवाजांचीं शिखरें छाटलीं. अशा मुद्रणावर आज दोन उपचार होतात. एकांत मोठे आवाज अधिक मोठे व लहान आवाज अधिक लहान करून अंतर वाढवितात. दुसऱ्यांत छाटलेल्या शिखराच्या दोन्ही बाजूंच्या लहरी पाहून मधली लहर गणितानें भरून काढतात. दोन्हींनीं कानाला विसांवा मिळतो. परंतु भरून काढलेली लहर गवयाच्या गळ्यांतून आलेली नसते, हें विसरतां कामा नये. खरा उपाय एकच : दाबण्यापूर्वींचें मूळ मुद्रण शोधणें. पुढें २०१० सालीं युरोपच्या नभोवाणी संघानें आवाजाची सरासरी पातळी ठरवून दिली. त्यामुळें ती पातळी जेथें पाळली जाते, तेथें तरी केवळ मोठ्यानें वाजण्यासाठीं आवाज दाबण्याचें प्रयोजन उरलें नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या माळ्यावर वडिलांच्या वेळच्या तबकड्या असतील, कपाटांत फिती असतील. त्यांची नक्कल करावयाची झाल्यास पहिली नक्कल खरखरीसकट, जशीच्या तशी करावी आणि ती जपून ठेवावी. शोभिवंत करावयाची तर दुसरी करावी. आज आपणांस जो दोष वाटतो, त्यांतूनच उद्यांचा अभ्यासक त्या गवयाच्या आवाजाचें माप काढील. पहिली नक्कलच जर आपण घांसूनपुसून ठेवली, तर पुढच्या पिढीला तिच्यांत आपल्या आवडीनिवडी ऐकूं येतील, गवई ऐकूं येणार नाहीं.